माघारीची मुदत

१

वकील सापडले, तेव्हा त्यांच्या प्रचार कचेरीत त्यांच्याच नावाच्या घोषणा चालू होत्या.

ते सापडले एका भंगारचोराला. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात तो फाटक्या पत्र्यातून उतरला, लोखंड कुठे दिसतं का म्हणून पाहू लागला आणि जे दिसलं त्याने हादरून थेट पोलीस ठाण्यात आला. चोर आपल्या पायांनी ठाण्यात येतो म्हणजे प्रकरण साधं नाही, हे फौजदारबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

कारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ते तोडून त्या आत शिरल्या. पूर्वी जिथे बर्फाच्या लाद्या रचत, त्या दगडी फरशीवर वकील कुशीवर पडलेले होते. एक पाय भलतीकडेच वळलेला, कपाळाजवळ वाळून काळं झालेलं रक्त. धुळीत घासत गेल्याची खूण होती. वरून पडल्यावर माणूस दाराकडे सरपटत निघाला होता आणि अर्ध्या वाटेत संपला होता. बाईंनी बरीच प्रेतं पाहिली होती, पण त्या खुणेकडे त्यांना फार वेळ बघवेना.

वर, दोन पुरुष उंचीवर, लाकडी माळा होता. हवालदाराने खांबाला धरून कसंबसं वर चढून पाहिलं. सतरंजी, उशी, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वाचायचा चष्मा.

"मॅडम, हे तर मुक्कामाला आलेले दिसतात," तो वरून ओरडला. "पण इथं चढले कसे? माझं वय निम्मं आहे तरी माझी कंबर गेली."

बाई मागच्या अंगणात गेल्या. भिंतीमागे, उंच गवतात, बांबूची शिडी आडवी ठेवलेली होती. तिच्या पायऱ्यांवर वकिलांच्या चपलेचा चिखल होता. शिडी फेकलेली नव्हती, कुणीतरी ती नीट निजवून ठेवली होती.

माणूस माळ्यावर होता आणि कुणीतरी खालून शिडी काढून नेली होती. शिवाय बाहेरून कुलूपही लावलं होतं.

२

प्रांताची निवडणूक लागली की गावात काय काय होतं हे बाईंना पाठ होतं. तिकीट एकालाच मिळतं आणि रुसतात दहा. त्यांतले नऊजण चार दिवस तोंड फुगवून प्रचाराला लागतात. उरलेला एक बंड करतो, अपक्ष म्हणून अर्ज भरतो. मग पक्षाची वडीलधारी मंडळी त्याची मनधरणी करायला निघतात: या वेळी माघार घे, पुढच्या वेळी बघू, तोवर एखादं महामंडळ घे. माघारीला ठरलेली मुदत असते आणि त्या दिवशी दुपारी तीनच्या ठोक्याला ती संपते. म्हणून बंडखोर काय करतो, तर तोवर नाहीसा होतो. फोन घरी ठेवतो, कुठेतरी दडून बसतो आणि तीन वाजून गेले की वाजतगाजत प्रकट होतो. ही रीतच पडली होती. त्यामुळे वकील सोमवारी नाहीसे झाले तेव्हा कुणाच्या पोटात धस्स झालं नाही. उलट सगळ्यांना गुदगुल्या झाल्या. वकील म्हणजे पक्का गडी, असं जो तो म्हणाला.

बुधवारी तीन वाजले. वकील आले नाहीत. गुरुवारीही नाहीत. शुक्रवारी भंगारचोर आला.

"मृत्यू सोमवारी रात्री, फार तर मंगळवारी पहाटे," शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले. "पाय मोडला, डोक्याला मार बसला. पण लगेच गेले नाहीत. कुणी वेळेवर पोचलं असतं तर वाचले असते."

आणि इथेच भोंग्या अडकला.

भोंग्या म्हणजे वकिलांचा ड्रायव्हर. आईबापांनी ठेवलेलं नाव लोक विसरले होते. त्याच्या पोटात काही राहत नसे आणि जे राहत नसे ते दुप्पट होऊन बाहेर पडे. मंगळवारी आणि बुधवारी सकाळी तो चहाच्या टपरीवर डबा हलवत सांगत होता, "साहेबांना जेवण देऊन आलो. वांग्याची भाजी होती. साहेब म्हणाले, तिखट जरा कमी करायला सांग." पन्नास माणसांनी ते ऐकलं होतं.

म्हणजे वकील मरून पडले असताना हा त्यांच्या तोंडी वांग्याची भाजी भरवत होता. गावाने त्याला धरून बदडायला घेतलं तेव्हा पोलिसांनी उचलून कोठडीत टाकलं म्हणून तो जगला.

"मी थापा मारल्या हो मॅडम," तो गजांना धरून रडत होता. "मला काही ठाऊकच नव्हतं. ड्रायव्हरलाच ठाऊक नाही म्हटल्यावर माझी काय किंमत राहिली असती? डबा रिकामा होता. आईशप्पथ रिकामा होता."

वरिष्ठ साहेबांचा फोन आला. "बाई, मतदानाच्या आत प्रकरण मिटवा. ड्रायव्हर आहेच हातात. येत्या मंगळवारी त्याला कोर्टात उभा करा, गाव शांत होईल. त्याला बाहेर सोडलंत, तर जिवंत राहणार नाही आणि तो दोष तुमच्या माथी बसेल."

बाहेरच्या बाकावर भोंग्याची आई बसली होती. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. ती काही मागत नव्हती. बाई बाहेर आल्या तशी ती फक्त उठून उभी राहिली.

"लहानपणापासून खोटं बोलतो मेला," ती म्हणाली. "पण मुंगीसुद्धा मारवत नाही त्याला. बाई, खोटं बोलल्याबद्दल फाशी देतात का हो?"

३

बाई आधी वकिलांच्या घरी गेल्या. वकिलांच्या बायकोला सगळा गाव वहिनी म्हणत असे. रडून रडून त्यांचा चेहरा सुजला होता.

"वहिनी, बायकांच्या सभेत तुम्ही म्हणालात, मंगळवारी यांचा फोन आला होता."

वहिनींनी उठून कपाट उघडलं. वकिलांचा फोन घडी केलेल्या शर्टांखाली होता, बंद करून ठेवलेला.

"सोमवारी दुपारी माझ्या हातात देऊन गेले. कुठे जातो ते सांगितलं नाही. आणि सगळ्या बायका विचारत होत्या, काय म्हणतात साहेब? नवरा आपल्याला काही सांगत नाही, असं चारचौघींत कसं सांगू? म्हणून म्हटलं, फोन आला होता, स्वेटर मागत होते." त्या हुंदक्याने वाकल्या. "मी स्वेटर इस्त्री करून ठेवला होता हो. तो कुणी न्यायला येईल असं मलाच खरं वाटायला लागलं होतं."

वकिलांचा धाकटा भाऊ प्रचाराचा कारभार बघायचा. तो तावातावाने भोंग्याला शिव्या देत होता. बाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"तू कार्यकर्त्यांना म्हणालास, दादाला मी शेतघरात ठेवलाय, रोज रात्री भेटतो."

धाकट्याची मान खाली गेली. "मला वाटलं मास्तरांनी लपवलाय. किंवा भोंग्याने. पण भावालाच ठाऊक नाही म्हटल्यावर कार्यकर्ते कशाला माझं ऐकतील? म्हणून मी..."

"मारलीस थाप."

"हो," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

पक्षाचा अधिकृत उमेदवार होता बिल्डर. त्याच्या कचेरीत गारवा होता आणि त्याला तरीही घाम फुटला होता. वकिलांना मारल्याचा पहिला संशय लोकांनी त्याच्यावरच घेतला होता.

"तुम्ही तुमच्या पुढाऱ्यांना कळवलंत की वकील माझ्या खिशात आहे, रोज बोलणं होतं."

"बाई, तसं बोलावं लागतं. नाहीतर पुढारी म्हणतात, तुझ्याच्याने एक बंडखोर आवरत नाही, तू प्रांत काय सांभाळणार?" तो पुढे झुकला. "पण सोमवारी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात खरंच बोललो होतो. ते म्हणाले, बुधवारी येऊन सही करतो, माघार घेतो. तोवर लपून राहतो, नाहीतर माझीच माणसं मला फाडून खातील. मला तर ते जिवंत हवे होते हो! आता त्यांचं नाव मतपत्रिकेवर राहणार, लोक हळहळून मेलेल्या माणसाला मतं देणार आणि मी बसणार बोंबलत. मेलेल्या माणसाकडून माघारीवर सही कशी घेऊ?"

निर्लज्ज असला तरी तो खरं बोलत होता. बाई जीपमध्ये बसल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. वकील माघार घेणार होते, आणि ज्याने शिडी काढली त्याला ती माघार नको होती.

४

मास्तरांकडे जाताना बाईंनी नकळत केस सारखे केले. अर्धा गाव मास्तरांच्या हाताखाली शिकला होता, बाईही. आणि वकील तर त्यांचा लाडका. वकिलीचं शिक्षण मास्तरांनीच करवलं. एक तरी सरळ माणूस प्रांताच्या सभागृहात पाठवायचा, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. तीनदा त्यांनी वेगवेगळी माणसं उभी केली आणि तिन्ही वेळा ती ऐन वेळी विकली गेली. या वेळी वकिलांच्या अर्जावर सूचक म्हणून मास्तरांचीच सही होती.

ते खुर्चीत ताठ बसले होते. चार दिवसांत वीस वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"ये पोरी. बस."

"मास्तर, मंगळवारी, बुधवारी तुमचं वकिलांशी बोलणं झालं होतं?"

"नाही."

"कार्यकर्ते म्हणतात, ते रोज तुम्हाला विचारायचे."

"विचारायचे. मी म्हणायचो, माझं बोलणं झालेलं नाही. मी खोटं बोलत नाही, तुला ठाऊक आहे."

बाईंना ते ठाऊक होतं. सकाळपासून थापा ऐकून त्यांचे कान किटले होते. इथे एक माणूस निघाला जो उगाच मोठेपणा घेत नव्हता. त्यांना बरं वाटलं.

"शेवटचे कधी भेटलात?"

"सोमवारी. तिन्हीसांजेला. त्याला म्हटलं, डगमगू नकोस." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "ड्रायव्हरला सोड, पोरी. तो नुसता तोंडाळ आहे."

बाई उठल्या, वाकून नमस्कार केला आणि निघाल्या. जीप सुरू झाल्यावर त्यांना वाटलं, आपण काहीतरी विचारायचं विसरलो. पण काय, ते काही केल्या आठवेना.

५

प्रचार कचेरी आता सुतकात होती. भिंतीवर नव्या छत्र्या टांगल्या होत्या, कारण वकिलांना छत्री हे चिन्ह मिळालं होतं. पण कोपऱ्यात हातभर लांबीच्या बांबूच्या शिड्यांचा ढीग पडला होता. कुणीतरी त्यांच्यावर चहाचे कप ठेवले होते.

बाई थबकल्या. "ह्या कसल्या?"

"वाया गेल्या," धाकटा म्हणाला. "शिडीच चिन्ह घ्यायचं असं दादाने ठरवलं होतं. गरीब माणूस वर चढला पाहिजे, असं भाषणही तयार होतं. मिरवणुकीत हातात धरायला सुताराकडून करवून घेतल्या. पण बुधवारी चिन्हं वाटली तेव्हा शिडी दुसऱ्याच कुणीतरी नेली म्हणे."

"तुला कोण म्हणालं?"

"कुणी नाही. छत्री मिळाली म्हणजे शिडी गेलीच असणार, नाही का?"

बाई तडक निवडणूक अधिकाऱ्यांकडे गेल्या. ते बिचारे फोनच्या गराड्यात बसले होते, पण बुधवार त्यांना लख्ख आठवत होता.

"शिडी? छे हो, शिडी कुणीच मागितली नव्हती. वकिलांची पहिली पसंती तीच होती. उमेदवार हजर नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने मास्तर आले होते. मी म्हटलं, तुम्हाला शिडी देऊन टाकतो, कुणाची हरकत नाही. तर मास्तर एकदम उभे राहिले. म्हणाले, शिडी नको. मी म्हटलं, अहो पहिली पसंती आहे. तर पुन्हा तेच. हात कापत होते त्यांचे. मला वाटलं, उन्हातून आले, बरं वाटत नसेल. मग दुसरी पसंती छत्री होती, ती दिली."

बुधवारी दुपारी गावात कुणालाच ठाऊक नव्हतं की वकील मेले आहेत. कुठे मेले आणि कशाने, हे तर शुक्रवारी कळायचं होतं. मग बुधवारी शिडीचं नाव ऐकून एखाद्याचे हात का कापावेत?

आणि मग त्यांना आठवलं, मास्तरांना काय विचारायचं राहिलं होतं. सोमवारी तिन्हीसांजेला वकील घरी नव्हते, कचेरीत नव्हते, दुपारीच दडून बसले होते. मास्तर त्यांना भेटले होते. कुठे?

ते विचारायला आपली जीभ का रेटली नाही, हेही त्यांना कळलं आणि स्वतःचाच राग आला.

६

मास्तर तसेच खुर्चीत होते. बाईंनी या वेळी नमस्कार केला नाही.

"मास्तर, मी सकाळपासून चुकीच्या माणसांच्या मागे होते. जो थापा मारतो तो गुन्हेगार, असं धरून चालले होते. पण वहिनींनी थाप मारली, धाकट्याने मारली, बिल्डरने मारली, भोंग्याने तर भाजीसकट मारली. का मारली? कारण बुधवारी तीन वाजता वकील चालत येणार, असं सगळे धरून चालले होते. ते आल्यावर या थापा कुणाला आठवणार होत्या? ज्याला ठाऊक आहे की हा माणूस आता मेलेलाच सापडणार, तो कशाला पन्नास जणांसमोर म्हणेल की मी आत्ताच त्याला जेवायला घालून आलो? स्वतःच्या गळ्यात कोण फास घालून घेईल?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"एखादा वेळ काढायला खोटं बोलेलही. पण तो दोन शब्दांत आटपेल, तिखट कमी करायला सांगितलं असं नाही रंगवणार. आणि भोंग्याने बुधवारी वकिलांची जीप धुऊन, पुसून चौकात उभी केली होती, साहेबांना मिरवत आणायला. सगळे वाट बघत होते, मास्तर. वाट बघत नव्हता असा एकच माणूस होता. सगळ्या गावात एकट्यानेच म्हटलं की माझं बोलणं झालेलं नाही. नुसतं एवढंच असतं तर मी तुमच्या दाराशी आले नसते. पण तुम्ही शिडी नको म्हणालात."

मास्तरांनी डोळे मिटले.

"सोमवारी तुम्ही त्याला कुठे भेटलात?"

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून एक किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"कारखान्याचा दावा त्याच्याकडे होता, किल्ली त्याची, कुलपालाच लावलेली. लपायची जागा आम्ही दोघांनी ठरवली. मी सतरंजी नेऊन दिली. तो वर चढून बसला आणि तिथून मला म्हणाला, मास्तर, रागावू नका, मी बुधवारी माघार घेतोय. महामंडळ देतायत." त्यांचा आवाज फाटला. "हसत म्हणाला गं. तीन वेळा मी हेच ऐकलं होतं. चौथ्यांदा ते माझ्याच पोराच्या तोंडून ऐकायचं? डगमगू नकोस, एवढंच म्हणालो. त्याच्या अंगाला हात लावला नाही. मी फक्त शिडी काढून घेतली."

"आणि कुलूप लावलंत."

"म्हटलं, बुधवारी तीन वाजले की सोडवीन. पाणी होतं, खायला होतं. माघारीची मुदत टळली असती आणि त्याला लढावंच लागलं असतं. नंतर त्याने मला माफ केलं असतं, अशी माझी समजूत होती."

"त्याने हाका मारल्या?"

"हो." मास्तर आता मुलासारखे रडत होते. "मी गवतात शिडी ठेवत होतो तेव्हा मारत होता. मास्तर, अंधार पडतोय, असं म्हणत होता. मी निघून आलो. सकाळी गेलो तर तो खाली... दाराकडे हात करून..."

"तेव्हा तरी सांगायचं होतंत."

"सांगणारच होतो. ठाण्याच्या पायरीपर्यंत आलो होतो. मग मनात आलं, आत्ता सांगितलं तर मुदतीआधीच त्याचं नाव यादीतून निघेल आणि सगळं इथंच संपेल. तीन वाजेपर्यंत गप्प राहिलो तर लोक हबकतील, पण त्याच्या नावाला मत देतील. बिल्डर पडेल. पोराचं मरण फुकट जाणार नाही." त्यांनी मान वर केली. "मी सांगितलं असतं, पोरी. मतदान झालं की सांगणारच होतो."

"येत्या मंगळवारी भोंग्याला कोर्टात उभा करणार होते. लोकांनी त्याला ठेचून मारला असता. त्याची आई आमच्या बाकावर बसली आहे."

"म्हणून तर म्हटलं तुला, त्याला सोड."

"तेवढं म्हणालात," बाई म्हणाल्या. "बाकीचं नाही म्हणालात."

मास्तर उठले, काठी घेतली आणि दाराशी थांबले.

"नाव राहतंय ना त्याचं मतपत्रिकेवर?" त्यांनी विचारलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याला सोडलं. त्याचा एक डोळा अजून सुजलेला होता. आईने त्याला धरलं आणि बाईंकडे पाहिलं.

"खोटं बोलला म्हणून अडकला," ती म्हणाली, "आणि सुटला कसा मग?"

"खोटं बोलला म्हणूनच," बाई म्हणाल्या. म्हातारीला ते कळलं नाही. बाईंनाही त्याचा काही आनंद वाटत नव्हता. ज्या एका माणसाच्या शब्दावर त्यांनी लहानपणापासून डोळे मिटून विश्वास टाकला, तो आत कोठडीत भोंग्याच्याच जागी बसला होता.

ठाण्यासमोरच्या टपरीवर गर्दी होती. मायलेक तिथून जायला लागले तसे लोक सरकून उभे राहिले. काल ज्यांनी त्याच्यावर हात साफ करून घेतले होते त्यांतलेच दोघे पुढे झाले. एकाने भोंग्यापुढे चहाचा कप धरला.

"काय रे भोंग्या, मास्तर असं करतील असं वाटलं होतं का कुणाला?"

भोंग्याने कप घेतला. आजूबाजूला पन्नास माणसं कान टवकारून उभी होती. बाई ठाण्याच्या पायरीवरून बघत होत्या. त्यांना दिसलं की त्याची छाती हळूहळू फुगली, सुजलेला डोळा किलकिला झाला आणि त्याने तोंड उघडलं.

"मला विचाराल तर," भोंग्या म्हणाला, "मास्तर मला सोमवारीच..."

आईने झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला. कप खाली पडून फुटला. तिने हात काढला नाही, कुणाकडे बघितलंही नाही. तसाच तोंडावर हात दाबून ती आपल्या मुलाला घरी घेऊन गेली.